इंधन दाब समायोजन (मोटार इंजिन)

इंधन दाब समायोजन म्हणजे मोटारीच्या इंजिनाला पेट्रोल पुरविणाऱ्या व्यवस्थेतील दाब मोजून तो ठरावीक मूल्यावर आणण्याची व तेथे स्थिर राखण्याची क्रिया होय. कारखान्यातून आलेल्या मूळ इंजिनात हा दाब निर्मात्याने निश्चित केलेला असतो व सामान्यतः तो बदलावा लागत नाही. मात्र टर्बोचार्जर बसविणे, मोठे इंजेक्टर लावणे, कॅमशाफ्ट बदलणे किंवा इंधनाचा प्रकार बदलणे असे फेरफार केल्यास इंजिनाची इंधनाची गरज बदलते, आणि दाबाची फेरतपासणी आवश्यक ठरते.

दाब वाढविला की शक्ती वाढते, असा समज गॅरेजांमधून पुष्कळदा आढळतो. तो बरोबर नाही. इंजिनाचा संगणक इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे ठरवितो तेव्हा त्याने एक विशिष्ट दाब गृहीत धरलेला असतो. दाब हा त्या हिशेबाचा पाया आहे. तो बदलून हिशेब तसाच ठेवल्यास हवा व इंधन यांचे प्रमाण चुकते आणि जोराच्या भाराखाली इंजिनाची कायमची हानी होऊ शकते.

## तत्त्व

पेट्रोलच्या टाकीतील विद्युत पंप इंधनाला गाळणीतून पुढे ढकलतो. ते इंजिनावरील 'फ्युएल रेल' या नळीत येते व तेथून प्रत्येक सिलिंडरच्या इंजेक्टरला मिळते. पंप नेहमी गरजेपेक्षा अधिक इंधन देतो. अतिरिक्त इंधन टाकीत परत पाठवून रेलमधील दाब स्थिर ठेवण्याचे काम दाब नियंत्रक करतो. बोलण्यात त्याला 'रेग्युलेटर' म्हणतात.

नियंत्रकाच्या आत एक लवचिक पडदा असतो. त्याच्या एका बाजूस इंधन व दुसऱ्या बाजूस स्प्रिंग असते. इंधनाचा दाब स्प्रिंगच्या जोरापेक्षा अधिक झाला की पडदा मागे सरतो, झडप उघडते आणि जादा इंधन परतीच्या नळीतून निघून जाते. समायोजनक्षम नियंत्रकात स्प्रिंग दाबणारा एक स्क्रू असतो. तो आत फिरविल्यास दाब वाढतो, बाहेर फिरविल्यास कमी होतो.

इंजेक्टरचे एक टोक रेलमध्ये व दुसरे टोक हवा आत घेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये असते. त्यामुळे इंजेक्टरमधून किती इंधन जाईल हे या दोन ठिकाणच्या दाबांतील फरकावर अवलंबून असते. इंजिन संथ चालत असताना मॅनिफोल्डमधील दाब वातावरणापेक्षा सुमारे ०.६ ते ०.७ बारने कमी असतो. टर्बोचार्जर काम करू लागला की तो वातावरणापेक्षा अधिक होतो. हा फरक कायम राखण्यासाठी अनेक नियंत्रकांच्या स्प्रिंगच्या बाजूस मॅनिफोल्डमधून एक बारीक नळी जोडलेली असते. मॅनिफोल्डमधील दाब जेवढा बदलतो तेवढाच रेलमधील दाब बदलतो. यास 'एकास एक' प्रमाण म्हणतात.

उदाहरणार्थ, पायाभूत दाब ३ बार असल्यास दाबमापकावर पुढील आकडे दिसावयास हवेत :

- इंजिन संथ चालू, नळी जोडलेली : सुमारे २.३ ते २.४ बार
- इंजिन संथ चालू, नळी काढलेली : ३ बार
- टर्बोचार्जरचा दाब ०.८ बार असताना : ३.८ बार

तिन्ही स्थितींत इंजेक्टरला प्रत्यक्ष जाणवणारा फरक ३ बारच असतो.

भारतातील गॅरेजांत बार, पीएसआय व किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर ही तिन्ही एकके वापरात आहेत. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय किंवा १.०२ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर.

## दाब व प्रवाह यांचे नाते

इंजेक्टरमधून जाणारा प्रवाह दाबाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, तर दाबातील फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३ बार दाबास मिनिटाला २५० घन सेंटिमीटर इंधन देणाऱ्या इंजेक्टरसाठी हिशेब असा :

| दाबातील फरक | प्रवाह (घसेंमी प्रति मिनिट) | वाढ |
|---|---|---|
| ३.० बार | २५० | – |
| ३.५ बार | २७० | ८ टक्के |
| ४.० बार | २८९ | १५ टक्के |
| ५.० बार | ३२३ | २९ टक्के |
| १२.० बार | ५०० | १०० टक्के |

म्हणजे प्रवाह दुप्पट करावयाचा तर दाब चौपट करावा लागतो. पेट्रोल इंजिनाच्या साध्या पंपाला, नळ्यांना व जोडांना तो झेपणारा नाही. यावरून दाब वाढविणे हा लहान दुरुस्तीचा उपाय आहे, मोठ्या गरजेचा नव्हे, हे स्पष्ट होते.

दाब वाढल्याने आणखी दोन परिणाम होतात. इंधनाचे तुषार अधिक सूक्ष्म होतात, हा लाभ होय. परंतु इंजेक्टरच्या सुईला वाढीव दाबाविरुद्ध उघडावे लागते, म्हणून ती उघडण्यास किंचित अधिक वेळ लागतो. शिवाय दाब वाढला की पंपाची इंधन देण्याची क्षमता घटते आणि त्याला लागणारा विद्युतप्रवाह वाढतो.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

कार्ब्युरेटर असलेल्या गाड्यांत इंधनाचा दाब फारच कमी, साधारण ०.२ ते ०.३ बार असे. मुंबईत कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली पद्मिनी ही याच पिढीतील गाडी. इंजिनावर चालणारा यांत्रिक पंप कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल सोडी आणि वाटीतील तरंगता गोळा सुईझडप बंद करी. अशा गाडीला इंजेक्शन व्यवस्थेचा विद्युत पंप थेट जोडल्यास सुईझडप तो दाब रोखू शकत नाही व पेट्रोल ओसंडून वाहू लागते. जुन्या गाड्यांचे जतन करणाऱ्यांना म्हणूनच दाब वाढविण्याऐवजी तो कमी करणारा नियंत्रक लावावा लागतो.

विद्युत नियंत्रित इंजेक्शन व्यवस्था जर्मनीच्या बॉश कंपनीने १९६७ मध्ये 'डी-जेट्रॉनिक' या नावाने बाजारात आणली. तीत दाब सुमारे २ बार होता. पुढील व्यवस्थांत २.५ ते ३ बार हा दाब रूढ झाला. भारतात उत्सर्जनाचे निकष कडक होत गेल्यानंतर, विशेषतः २००० सालानंतर, पेट्रोल मोटारींतून कार्ब्युरेटर मागे पडला व 'एमपीएफआय' हे नाव घराघरांत पोहोचले. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ निकष लागू झाले.

निरनिराळ्या व्यवस्थांतील दाबांत मोठे अंतर आहे. इनटेक मार्गात फवारा मारणाऱ्या पेट्रोल इंजिनात तो साधारण ३ ते ४ बार, सिलिंडरमध्ये थेट फवारा मारणाऱ्या पेट्रोल इंजिनात सुमारे १०० ते ३५० बार, तर कॉमन रेल डिझेल इंजिनात १,६०० बार किंवा त्याहून अधिक असतो. या लेखातील समायोजनाची पद्धत केवळ पहिल्या प्रकारास लागू पडते. उरलेल्या दोन प्रकारांत दाब संगणकच नियंत्रित करतो. इंजिन चालू असताना तेथील नळी सैल केल्यास इंधनाची बारीक धार त्वचा भेदून शरीरात शिरू शकते.

## नियंत्रकाचे प्रकार

- परतीची नळी असलेला : नियंत्रक रेलच्या टोकाशी असतो व जादा इंधन टाकीत परतते. फेरफार केलेल्या इंजिनांत बहुधा हाच वापरतात.
- परतीची नळी नसलेला : नियंत्रक टाकीतच पंपाशेजारी असतो व तो मॅनिफोल्डशी जोडलेला नसतो. मॅनिफोल्डमधील बदलाचा हिशेब संगणक करतो. अलीकडील बहुतेक मोटारींत ही रचना आढळते. अशा गाडीत दाब बदलण्यासाठी निराळा नियंत्रक व परतीची नळी नव्याने बसवावी लागते.
- वाढत्या दराचा : टर्बोचार्जरचा दाब १ बारने वाढला असता इंधनाचा दाब त्याच्या अनेक पटींनी वाढविणारा. संगणकाची मांडणी न बदलता टर्बो लावणाऱ्यांत तो एकेकाळी लोकप्रिय होता. तो पंपावर मोठा ताण आणतो आणि मिश्रणावर काटेकोर नियंत्रण देत नाही. संगणकाची मांडणी बदलणे सुलभ झाल्यापासून त्याचा वापर घटला आहे.

## बदललेल्या इंजिनाची गरज

दाबाला हात लावण्यापूर्वी इंजिनाला किती इंधन लागेल याचा अंदाज घ्यावा लागतो. टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन पूर्ण भारावर प्रत्येक अश्वशक्तीमागे तासाला सुमारे ०.२३ किलोग्रॅम इंधन घेते. टर्बो असलेल्या इंजिनासाठी सुमारे ०.२७ किलोग्रॅम धरतात. इंजेक्टर उपलब्ध वेळेच्या ८० टक्क्यांहून अधिक काळ उघडा राहू नये, असा संकेत आहे. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर एका आवर्तनास २० मिलिसेकंद मिळतात, म्हणजे इंजेक्टर १६ मिलिसेकंदांपेक्षा अधिक उघडा नसावा.

चार सिलिंडरच्या, १०० अश्वशक्तीच्या इंजिनाला या हिशेबाने प्रत्येकी मिनिटाला सुमारे १६० घन सेंटिमीटर देणारे इंजेक्टर पुरतात. गाडीत १८० घन सेंटिमीटरचे इंजेक्टर आहेत असे समजू. कॅमशाफ्ट व एक्झॉस्ट बदलून शक्ती ११५ अश्वशक्ती झाल्यास गरज सुमारे १८३ वर जाते. दाब ३ वरून ३.१ बार केला की काम भागते. परंतु टर्बो लावून १४० अश्वशक्ती मिळवावयाची असल्यास गरज सुमारे २६४ होते. त्याच इंजेक्टरांतून ती भागविण्यास सुमारे ६.५ बारचा फरक व त्यावर टर्बोचा दाब लागेल. येथे दाब वाढविणे व्यर्थ आहे. मोठे इंजेक्टर, पुरेसा पंप आणि संगणकाची नवी मांडणी हाच मार्ग उरतो.

पंपाची क्षमता पाहताना तो मोकळेपणी किती लिटर देतो याला महत्त्व नाही. अपेक्षित दाबावर, आणि पंपापर्यंत प्रत्यक्ष पोहोचणाऱ्या व्होल्टेजवर तो किती देतो, हे पाहावे लागते.

## समायोजनाची पद्धत

पेट्रोलची वाफ शून्याखालील तापमानालाही पेट घेऊ शकते. हे काम मोकळ्या हवेत, इंजिन थंड असताना, अग्निशामक जवळ ठेवून व धूम्रपान, वेल्डिंग, ग्राइंडिंग यांपासून दूर करावे. अनुभवी मिस्त्रीच्या देखरेखीविना ते करू नये.

1. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. रेलमधील दाब उतरतो. त्यानंतर बॅटरीची ऋण तार सोडवावी.
2. रेलवर दाबमापक बसवावा. जोडाभोवती कापड धरून उरलेले पेट्रोल टिपावे.
3. फ्यूज व बॅटरी पुन्हा जोडून केवळ चावी फिरवावी. पंप क्षणभर चालून थांबतो. प्रत्येक जोड कोरडा आहे याची खात्री करावी.
4. इंजिन सुरू करून पूर्ण तापू द्यावे. नियंत्रकाची मॅनिफोल्डकडील नळी काढून तिचे तोंड बंद करावे. पायाभूत दाब याच स्थितीत मोजतात.
5. नियंत्रकाचा लॉकनट सैल करून स्क्रू पाव फेरीहून अधिक एका वेळी न फिरविता इष्ट दाब आणावा. लॉकनट आवळल्यावर दाब पुन्हा पाहावा. आवळताना तो किंचित सरकतो.
6. नळी पुन्हा जोडावी. दाब मॅनिफोल्डमधील निर्वाताइतका उतरला पाहिजे. तो उतरला नाही तर नळी फुटलेली वा चोंदलेली असते. नळीत पेट्रोल आढळल्यास नियंत्रकाचा पडदा फाटलेला आहे.
7. इंजिन बंद करून काही मिनिटे दाबमापक पाहावा. दाब झपाट्याने पडल्यास इंजेक्टर, नियंत्रक किंवा पंपातील एकमार्गी झडप गळत असते.
8. पूर्ण भाराखाली दाब व एक्झॉस्टमधील प्राणवायूचे प्रमाण एकाच वेळी मोजावे.

शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची होय आणि तीच बहुधा गाळली जाते. संथ चालणाऱ्या इंजिनाला अत्यल्प इंधन लागते, त्यामुळे दुबळा पंप किंवा तुंबलेली गाळणी असतानाही दाबमापक योग्य आकडा दाखवितो. खरी उणीव भाराखालीच उघड होते. ही चाचणी डायनोमीटरवर किंवा बंद मार्गावर करावी, रहदारीच्या रस्त्यावर नव्हे.

स्क्रू पूर्ण सैल करूनही दाब उतरत नसल्यास परतीची नळी बारीक अथवा दबलेली असण्याची शक्यता असते. मोठ्या पंपाला जुनी नळी अपुरी पडणे हे त्याचे नेहमीचे कारण आहे.

## मिश्रण बिघडल्याचे परिणाम

शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी एक भाग इंधनास वजनाने १४.७ भाग हवा लागते. पूर्ण भारावर इंजिन थोडे अधिक इंधन घेऊन, साधारण १२.५ ते १३ या प्रमाणात चालवितात. जादा इंधनाने ज्वलनकक्ष थंड राहतो.

इंधन कमी पडल्यास ज्वलनाचे तापमान वाढते व खडखड असा आवाज येतो, ज्यास नॉकिंग म्हणतात. ते चालू राहिल्यास पिस्टनच्या माथ्याला भोक पडणे, रिंगांमधील भाग तुटणे, झडपा जळणे असे प्रकार होतात. टर्बो इंजिनात यास काही सेकंद पुरतात. इंधन अधिक झाल्यास काळा धूर येतो व स्पार्क प्लगवर काजळी धरते. सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन निघते, इंजिन ऑइल पातळ होते आणि एक्झॉस्टमधील उत्प्रेरक अतितप्त होऊन निकामी होतो.

साध्या वेगात चालताना संगणक प्राणवायू संवेदकाच्या आधारे चूक काही अंशी सुधारतो. त्यामुळे दाब चुकीचा असूनही गाडी व्यवस्थित चालल्याचा भास होतो. पूर्ण भारावर बहुतेक संगणक ही सुधारणा थांबवितात व ठरीव तक्त्यानुसार इंधन सोडतात. चूक तेथे उघडी पडते.

## सीएनजी रूपांतर

महाराष्ट्रात इंधन व्यवस्थेतील सर्वाधिक परिचित कायदेशीर फेरफार म्हणजे पेट्रोल गाडीला सीएनजी संच बसविणे. मुंबई, ठाणे व रायगड जिल्ह्यांत महानगर गॅस कंपनी सीएनजी पुरविते. टाकीत वायू सुमारे २०० बार दाबाने भरतात आणि रिड्यूसर हा दाब उतरवून, आजच्या क्रमवार इंजेक्शन संचांत सुमारे २ बारवर आणतो. प्रसरणामुळे वायू अतिशय थंड होतो, म्हणून रिड्यूसरमधून इंजिनाचे गरम पाणी फिरविलेले असते. इंजिन पेट्रोलवर सुरू होऊन तापल्यावर वायूकडे वळते, त्याचे कारण हेच.

रिड्यूसरचा दाब स्क्रूने बदलता येतो, परंतु तो बदलल्यावर संचाच्या संगणकाची मांडणी पुन्हा करावी लागते. पेट्रोलबाबतचा नियम येथेही लागू पडतो. अनेक रूपांतरित गाड्यांत वायूवर चालतानाही पेट्रोलचा पंप फिरत राहतो. तो पेट्रोलमध्ये बुडालेला असल्यानेच थंड राहतो. टाकी कोरडी ठेवल्यास पंप जळतो, यास्तव टाकीत नेहमी काही पेट्रोल असावे.

सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी जलदाब चाचणी करणे बंधनकारक आहे. अशा टाक्यांना मान्यता देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

## रायगड व कोकणातील परिस्थिती

पेण, रोहा परिसर समुद्रसपाटीलगत असून हवा उष्ण, दमट व खारी आहे. या हवेत धातूच्या नळ्या, जोड व क्लॅम्प लवकर गंजतात. पावसाळ्यापूर्वी व नंतर दाबाखालील प्रत्येक जोड तपासणे श्रेयस्कर ठरते. पेणमधील रामवाडी येथे राज्य परिवहन महामंडळाच्या रायगड विभागाचे कार्यालय असून मुंबई–गोवा महामार्गामुळे या भागात वाहनांची सतत वर्दळ असते.

पेणहून खोपोलीमार्गे बोरघाट चढून लोणावळ्यास जाताना गाडी समुद्रसपाटीजवळून सुमारे ६२० मीटर उंचीवर पोहोचते. पेणच्या सपाट रस्त्यावर निर्दोष वाटणारी फेरफार केलेली गाडी या दीर्घ चढावर 'ओढत नाही' अशी तक्रार झाल्यास, इंधनाचा पुरवठा भाराखाली तोकडा पडत असल्याची शंका प्रथम घ्यावी. अशा वेळी ॲक्सिलरेटर अधिक दाबल्यास हानी वाढते. भार कमी करून गाडी थांबविणे योग्य. उंचीमुळे हवा विरळ होते, तथापि त्यासाठी इंधनाचा दाब हाताने बदलावा लागत नाही. तो फरक संगणक सांभाळतो.

२०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची टप्प्याटप्प्याने विक्री सुरू झाली. या मिश्रणास एक भाग इंधनामागे सुमारे १३.५ भाग हवा लागते, म्हणजे तेवढ्याच हवेसाठी आठ ते नऊ टक्के अधिक इंधन द्यावे लागते. शुद्ध पेट्रोलवर जुळविलेले व ठरीव तक्त्यावर चालणारे फेरफार केलेले इंजिन या इंधनावर पूर्ण भाराखाली आपोआप कोरडे पडते. त्याची मांडणी पुन्हा तपासणे आवश्यक असते. इथेनॉल ओलावा शोषून घेते व जुन्या रबरी नळ्यांना अपायकारक ठरते, ही बाब कोकणच्या पावसाळ्यात विशेष लक्षात घ्यावी लागते.

## कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकास करता येत नाही. मान्यताप्राप्त संचाद्वारे इंधनाचा प्रकार बदलणे यास अटींसह मुभा आहे, परंतु त्याची नोंद करून घ्यावी लागते. रायगड जिल्ह्यातील एमएच-०६ क्रमांकाच्या वाहनांची नोंदणी पेण येथील परिवहन कार्यालयात होते. २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १८२-अ नुसार अनुज्ञेय नसलेल्या बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

दाब वाढवून मिश्रण अधिक इंधनाचे केल्यास धुरातील कार्बन मोनॉक्साइड वाढतो. भारत स्टेज ४ व त्यापुढील पेट्रोल मोटारींसाठी संथ गतीस त्याची मर्यादा ०.३ टक्के आहे, आणि ती ओलांडल्यास प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र मिळत नाही. न कळविलेल्या फेरफारामुळे विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो. वाहनांची व त्यांच्या सुट्या भागांची अधिकृत चाचणी करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून पुणे येथे कार्यरत आहे.

शर्यतीसाठी तयार केलेल्या गाड्यांचे स्थान बंद मार्गावर आहे. लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर वेगाच्या स्पर्धा भरविण्यात आल्या आहेत. अशा ठिकाणी तांत्रिक तपासणी होते व अग्निशमनाची व्यवस्था असते. सार्वजनिक रस्त्यावर यांपैकी काहीच नसते. इंधनाच्या एका सैल जोडाने लागणारी आग तेथे इतरांनाही वेढू शकते.